बटणतण कुणी लावलं?

तुई क्रीक, ओटागो
८ जुलै १९२८

लाकलन,

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट चुलीत टाकू नकोस. आई गेली तेव्हा काळ्या किनारीचं एक कार्ड तेवढं पाठवलंस. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही, वीस वर्षांत तुझ्याकडून दुसरा शब्द नाही. मी तुझ्यावर रागावलेली आहे, आणि मी आधी लिहिलं म्हणून राग ओसरला असं अजिबात समजू नकोस. तुझा पत्ता मला मिसेस टुलोककडून मिळाला. तिचा धाकटा टास्मानियात सफरचंदं तोडायला येतो, त्यानं तुझ्याच बागेत दोन हंगाम काढले म्हणे. म्हणजे गावच्या परक्या पोराला तू पोटभर जेवू घालतोस, आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी खरडायच्या तर तुझा हात दुखतो. वा रे वा!

पण आज भांडायला बसलेली नाही. रविवार आहे, प्रार्थनेहून आताच आले, आणि आज भांडू नये असं पाद्रीबाबांनी तासभर सांगितलं. मला तुला फक्त एक गोष्ट विचारायची आहे. माझी चौकशीची खोड तुला ठाऊक आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा छडा लागेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही.

तर सांग, तू ते बटणतण आणलंस कुठून?

थांब. पत्र खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

मार्चात डनेडिनहून प्रांताच्या बोलिंग संघटनेचे तिघे आले होते. आपले लाकडी गोळे जिच्यावर घरंगळतात ती क्लबाची हिरवळ बघायला. माझा नवरा, तुझा मेहुणा आर्ची, अजूनही अध्यक्षच आहे, ते पद तो कबरीपर्यंत नेणार. त्या दिवशी सकाळपासून त्यानं तीनदा कॉलर बदलली. ते तिघे आले, गुडघ्यांवर बसले, हिरवळीवर हात फिरवला, एकेक गोळा सोडून पाहिला, आणि एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यांतला थोरला म्हणाला, "मिस्टर मकेरस, अशी सपाट, अशी जलद हिरवळ साऱ्या प्रांतात नाही. बी कुठलं पेरलंत?"

आर्ची लालबुंद झाला. म्हणाला, "बी नाही हो. तण आहे."

त्यांना वाटलं, गडी विनयानं बोलतोय. पण जवळून पाहिलं तेव्हा कळलं. गवताची काडी औषधाला सापडत नाही. सगळं तेच, नेच्यासारखं बारीक पान आणि पिवळ्या बटणाएवढं फूल. जाताना दोन पोती भरून घेऊन गेले, त्यांच्या हिरवळीवर लावायला. आता बल्क्लुथाचे लोक मागताहेत, गोअरचे मागताहेत. ज्या तणाचं नाव घेतलं की आर्ची जेवणावरून उठायचा, त्याला तो आता 'आमचं बटणतण' म्हणतो. माणसाचं काय सांगावं!

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो, आणि क्लबाला तीस वर्षं होतात. त्या दिवशी क्लबाचा इतिहास वाचायचा ठरलाय. लिहायचा आर्चीनं. तो गेले तीन आठवडे 'सन १८९८ साली' एवढं लिहून खिडकीबाहेर बघतो. आणि सभेत प्रिंगलनं, गाड्यांची चाकं बनवणाऱ्या आपल्या प्रिंगलनं, ठराव मांडला की ज्यानं हे तण आणलं त्या लाकलन गॅलब्रेथला आजन्म सभासद करावं, आणि त्या दिवशी बोलवावं. सगळ्यांचे हात वर गेले. आर्चीचा हात वर जायला इतका वेळ लागला, की प्रिंगलनं विचारलं, "आर्ची, खांदा धरलाय का?" पण गेला वर. मी चहा ओतत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मला सगळं आठवतं रे. तू खिळ्यांचे बूट घालून ओल्या हिरवळीवरून चालत गेलास, आर्चीनं चारचौघांत तुला महिनाभर बंदी केली, आणि तू फाटकातून ओरडलास, "तुझ्या हिरवळीवर तण माजेल, आर्ची मकेरस, तण!" आणि पुढच्याच वसंतात ते माजलं. शापानं तण उगवत नाही एवढं सगळ्यांना कळत होतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की तूच ते लावलंस. तुला क्लबातून काढलं, आणि तू गावातूनच गेलास.

पण आता तो गुन्हा राहिलाच नाही. उलट मानपान आहे, बँड आहे, मशकबीन वाजवणारा स्कॉटिश पायपर आहे. खुशाल कबूल कर. मला फक्त हे कळू दे की तू आणलंस कुठून, कधी लावलंस, आणि एवढ्या मोठ्या हिरवळीवर एकट्यानं कसं जमवलंस? आणि ये. मागची खोली हवेशीर आहे, तुझा जुना पलंग तिथेच आहे. माझं वय अठ्ठावन्न झालं, लाकलन. आपण दोघंच उरलोय.

एफी

---

तुई क्रीक
१९ ऑगस्ट १९२८

लाकलन,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, तारेचा मजकूर! 'मी लावलं नाही. तेव्हाही सांगितलं होतं. आर्ची ज्या दिवशी म्हणेल की त्याला ते पटलंय, त्या दिवशी येईन.' ना 'एफी कशी आहेस', ना सही धड. शाई महाग झालीय का तिकडे?

तरी मी चारदा वाचलं. मग आर्चीपुढे ठेवलं. तो दलियाचा वाडगा संपवत होता.

"बघ!" तो म्हणाला. "शिव्या मिळत होत्या तेव्हाही 'मी नाही', आता मानाचं पान वाढलंय तरी 'मी नाही'. हा माणूस आहे की खेचर?"

मी म्हटलं, "तेव्हाही तेच आणि आताही तेच बोलतोय, याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ हाच, की खेचर आहे."

"खोटं बोलणारा माणूस आज 'हो' म्हणाला असता, आर्ची. आज 'हो' म्हणण्यात फायदा आहे."

तो रिकामा वाडगा चमच्यानं खरवडत बसला. त्याच्या मनात पाल चुकचुकली एवढं मला दिसलं, पण मानेल तर तो आर्ची कसला.

आता ऐक. तू लावलं नाहीस हे मला पटलं. का पटलं ते वर लिहिलंच आहे. पण मग ते आलं कुठून? तण काही आगगाडीचं तिकीट काढून येत नाही. मला आता रात्रंदिवस तेच. आधी मी एक कुंडी आणली, हिरवळीच्या कडेचं एक रोप उपटून तिच्यात लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. मग सुरीनं त्याचे बारीक तुकडे केले, जसे आम्ही बायका हिरवळीवर करायचो. आठवतं? दर शनिवारी सकाळी, सामन्याच्या आधी, आम्ही सगळ्याजणी घरातल्या सुऱ्या घेऊन गुडघ्यांवर बसायचो आणि ते उकरायचो. बायकांना वर्षातून एकदा, उघडण्याच्या दिवशी, पांढरा जॅक, तो निशाणाचा छोटा गोळा, टाकायला हिरवळीवर घेतात. बाकी वर्षभर चहा ओतायला आणि तण काढायला. तर त्या कुंडीत काय झालं सांगू? जितके तुकडे, तितकी रोपं! एकूण एक तुकडा रुजला. म्हणजे आम्ही उपटत नव्हतो, लाकलन, आम्ही लावत होतो. साऱ्या गावच्या बायका, वर्षानुवर्षं, कंबर मोडेपर्यंत! मी एवढी हसले की आर्ची बघायला आला.

माजलं कसं ते कळलं. पण पहिलं रोप? ते कुणी आणलं?

म्हणून काल मी प्रिंगलकडे गेले. दात एकही नाही, पण आठवण शाबूत आहे. त्याच्यासाठी लोण्यातली बिस्किटं नेली होती, चहात बुडवून खात बोलत बसला. क्लबाच्या जागी आधी मेंढ्यांचं कुरण होतं, लोहाराच्या मागचं, एवढं मला आठवत होतं. धोंडे वेचायला तुम्ही सगळे पुरुष लागला होतात, तेही आठवतं. खरे गोळे दोनच जोड होते, स्कॉटलंडहून आलेले, आणि बाकीचे प्रिंगलनं टोटाराच्या लाकडातून घडवले होते. गोळा एका अंगाला किती झुकता ठेवायचा याचा त्याला अंदाज नव्हता, त्यामुळे कुठला कुठे वळेल ते देवालाच ठाऊक. एकाला तर तुम्ही 'पाद्रीबाबा' म्हणायचात, कारण एकदा सुटला की कधी थांबेल याचा भरवसा नसे. हे सांगताना प्रिंगल खोकला येईपर्यंत हसला.

आणि त्यानं तुमचं पहिलं भांडण सांगितलं, बुटांच्या कितीतरी आधीचं. तू म्हणत होतास, बी पेरू, दोन वर्षं थांबू. आर्ची म्हणत होता, तिकडे स्कॉटलंडात, एअरशायरमध्ये हिरवळ बियांची करत नाहीत, समुद्राचं पाणी प्यालेली गवताची चवड, म्हणजे मुळं-मातीसकट थर, कापून आणतात आणि अंथरतात. तेच खरं, बाकी सगळं कुरण. आणि आर्चीचंच झालं. नदीच्या मुखावरून गाड्या भरून चवडी आणल्या, चटया अंथराव्यात तशा अंथरल्या. "तुझा भाऊ म्हणत होता," प्रिंगल म्हणाला, "की इथला समुद्र काय एअरशायरचा समुद्र आहे? पण आर्चीपुढे कोण बोलणार! आम्हा सगळ्यांनाच घरच्यासारखी हिरवळ हवी होती."

मी विचारलं, "ते तण तेव्हा होतं?"

"तेव्हा कोण खाली बघतंय, बाई? आम्ही पाठ धरून उभे होतो."

तर अजून काही हाती लागलं नाही. पण मी सोडणार नाही. तुझ्याकडून एवढंच सांग: आर्चीला पटवून दिलं तर खरंच येशील ना? नुसतं तोंडदेखलं लिहिलं नाहीस ना?

एफी

---

१२ सप्टेंबर

लाकलन, घाईत लिहितेय, हात अजून ओले आहेत.

आज मी नदीच्या मुखाशी गेले होते, जाळं घेऊन, ते काचेसारखे इवले मासे धरायला. हंगाम चालू आहे, आणि अंड्यात घालून केलेले ते आर्चीला किती आवडतात ते तुला माहीत आहे. भरतीची वाट बघत काठावर गुडघे टेकले. सवयीनं खाली हात गेला. आणि हाताला ते लागलं.

बटणतण! माझ्या गुडघ्याखाली, माझ्या पाठीमागे, जिकडे नजर जाईल तिकडे. पार खाऱ्या चिखलापर्यंत. मी या हातांनी ते इतकी वर्षं उकरलंय, आंधळी झाले तरी ओळखेन.

जाळं तसंच पाण्यात राहिलं. मासे गेले उडत. मी उठले आणि घरी पळत सुटले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गमबुटांत. वाटेत मिसेस टुलोक भेटली, तिला वाटलं आर्चीला काहीतरी झालं.

त्याला झालं नाही. पण आता होणार आहे.

एफी

---

तुई क्रीक
१७ सप्टेंबर १९२८

लाकलन,

शनिवारी त्याला घेऊन गेले. काय दाखवायचंय ते सांगितलं नाही, नाहीतर आलाच नसता. मासे म्हटलं. बादली स्वतः उचलून आला बिचारा.

काठावर नेऊन उभं केलं आणि म्हटलं, "खाली बघ."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हे आपल्याकडून आलंय. ओढा गावातून वाहत येतो. आपल्या हिरवळीचं तण पावसात वाहून इथे आलं."

तुला सांगते, क्षणभर मलाच वाटलं, खरंच तसं असलं तर? मी इतके दिवस हवेत मनोरे बांधत होते की काय? पण मी तोंडानं म्हटलं, "ओढा त्या काठानं जातो. आणि हे तर पलीकडच्या बेटावरही आहे, समुद्राच्या बाजूला. पाणी काय उलटं चढलं?"

"पक्ष्यांनी नेलं असेल."

"पक्ष्यांनी! आर्ची, लाकलन सोडून तू कुणालाही पकडायला तयार आहेस की काय? आता पक्ष्यांना क्लबातून काढणार?"

तो हसला नाही. त्याचे गुडघे तुला माहीत नाहीत, हल्ली खुर्चीवरून उठतानाही टेबल धरावं लागतं. तरी तो खाली बसला. खिशातली सुरी काढून गवताची चवड कापली, चौकोनी, जशी तेव्हा कापायचे तशीच, आणि हातावर उलटी करून मुळं बघितली. मग नाकाशी नेली. आणि चवड हातात घेऊन तसाच बसून राहिला.  

मग तो म्हणाला, "प्रिंगलनं विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"गाडीत चवडी रचताना. म्हणाला, हे पिवळं काय रे आर्ची? मी म्हटलं, खाऱ्या गवताला फूल येतंच. लक्षण चांगलं आहे. घाल गाडीत."

"एअरशायरला असं फूल येतं?"

"नाही," तो म्हणाला. "एअरशायरला येत नाही. पण मला गाड्या भरायच्या होत्या. तुझा भाऊ तिथे हात कमरेवर ठेवून उभा होता, आणि त्याच्यासमोर गाडी रिकामी परत नेणं मला जमणार नव्हतं."

मी म्हटलं, "मग दहा वर्षं गवतात दबून राहून तेच फूल हिरवळीवर आलं, तेव्हा तुला ओळखू नाही आलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तेव्हा मला तुझा भाऊच दिसत होता, एफी. फूल कुठलं बघतो मी."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. वीस वर्षं, लाकलन! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर वर अध्यक्ष! माझ्या तोंडात आलं होतं सगळं. पण तो चिखलात बसलेला, हातात ती चवड, आणि त्याला उठता येईना. शेवटी मी काखेत हात घालून उठवला. दोघंही चिखलानं माखलो. परत येताना बादली मी उचलली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "उघडण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतो. ज्या लोकांसमोर त्याला काढलं, त्याच लोकांसमोर."

म्हटलं, "आधी त्याला लिही."

बसला लिहायला. 'प्रिय लाकलन' लिहिलं, ते खोडलं. 'मिस्टर गॅलब्रेथ' लिहिलं, तेही खोडलं. मग कोंबड्यांना दाणे घालायला म्हणून जो गेला तो जेवायलाच आला. कागद कोराच.

म्हणून मीच लिहिते. त्याला पटलंय, लाकलन. त्यानं माझ्यासमोर म्हटलंय. तू मागितलं होतंस ते झालं. आता सहा ऑक्टोबरच्या आत निघ. तार कर, मी स्टेशनवर येते.

एफी

---

तुई क्रीक
९ ऑक्टोबर १९२८

लाकलन,

तू आला नाहीस. तारही नाही. त्या दिवशी सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर गेले, दुपारच्याही गाडीला गेले, स्टेशनमास्तर माझ्याकडे बघेनासा झाला. मला वाटतं, तुला वाटलं असेल की एफी गोडीगुलाबीनं जुळवतेय, आर्ची काही म्हणाला-बिणाला नाही. तुझं चुकलं असंही म्हणता येत नाही. हे शब्द त्याच्या तोंडचे होते, पण अक्षर माझंच होतं.

असो. काय झालं ते ऐक.

ऊन छान पडलं होतं. डनेडिनचे तिघे आले होते, गोअरचे आले होते, बल्क्लुथाचा अख्खा संघ आला होता. रिवाजाप्रमाणे मी जॅक टाकला, तो नीट मध्यावर थांबला, आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मग आर्ची पायरीवर उभा राहिला, हातात कागद. कुरण वाचलं, धोंडे वाचले, प्रिंगलचे गोळे वाचले. 'पाद्रीबाबा'वर पाद्रीबाबाच सर्वांत मोठ्यानं हसले. मग त्यानं कागद खिशात घातला.  म्हणाला,

"आता या तणाचं. सगळे म्हणतात, ते लाकलन गॅलब्रेथनं आणलं. ते खरं नाही. ते मी आणलं. नदीच्या मुखावरून, गाड्या भरून, माझ्या या हातांनी—"

बस्स! पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. डनेडिनचा थोरला उठून टाळ्या वाजवायला लागला, त्याच्यामागे सगळे. बल्क्लुथाचे लोक टोप्या उडवायला लागले. आर्ची हात वर करून ओरडत होता, "थांबा, थांबा, मी त्याला खोटंच—" पण पायपरला वाटलं हीच खूण, त्यानं वाजवायला सुरुवात केली. आणि तुला माहीत आहे, पायपर एकदा सुरू झाला की पोप आला तरी थांबत नाही. डनेडिनच्या माणसानं त्याचा हात धरून हलवला. म्हणाला, "मिस्टर मकेरस, एवढी वर्षं गप्प राहिलात! केवढा हा मोठेपणा!"

तुझ्यासाठी आणलेलं आजन्म सभासदाचं पदक त्यांनी आर्चीच्याच कोटाला लावलं.

वाद्य थांबलं तेव्हा तो पुन्हा बोलला. सगळं बोलला, चूक कुणाची, कुणाला काढलं, सगळं. पण तोवर अर्धे लोक चहाच्या टेबलाशी होते, आणि उरलेल्यांना वाटलं, म्हातारा भारावून जाऊन मेहुण्याबद्दल दोन चांगले शब्द बोलतोय. किटलीपाशी मिसेस टुलोक माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "राग मानू नका हं, मिसेस मकेरस, पण हे बरं नाही दिसलं. बिचारा लाकलन! आधी क्लबातून घालवला, आता त्याचं श्रेयही घेतलं. काहीतरी सोडायचं होतं त्याच्यासाठी."

माझ्या हातातली किटली तिच्या टोपीवर ओतली गेली नाही, ही देवाची कृपा. म्हटलं, आता मीच पायरीवर चढते आणि घसा फाटेपर्यंत ओरडते. निघालेही होते. आर्चीनं माझं कोपर धरलं.

"राहू दे, एफी."

"राहू दे काय? सगळं गाव तुला चोर म्हणतंय! तू खरं बोललास आणि—"

"हो. खरं बोललो आणि कुणाला पटलं नाही." त्यानं कोटाचं ते पदक काढून खिशात टाकलं. "असं होतं तर. तुझ्या भावाला कसं वाटलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता."

मग तो चहा न घेता घरी गेला. मी त्याच्यामागे गेले. तो ओट्यावर बसला होता आणि रडत होता, लाकलन. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मुलगी गेली तेव्हा सोडून मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. दोघांसाठी दुःख झालं मला, तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी, आणि दोघांचा रागही आला. एकाच वेळी. त्याला काय म्हणतात ते पाद्रीबाबांना विचारायला हवं.

काल सोमवारी तो सकाळीच गाडी जोडून कुठेतरी गेला. विचारलं तर 'काम आहे'. आला तो आगबोटीचं तिकीट घेऊन. मी बघतच राहिले. हा माणूस सोळाव्या वर्षी एअरशायरहून इथे आला तेव्हा वाटेत इतका आजारी पडला, की त्यानं शपथ घेतली होती, पुन्हा बोटीत पाय ठेवीन तो शवपेटीतूनच. गावात आगगाडी नव्हती तेव्हा मी माहेरची माणसं बघायला डनेडिनला बोटीनं चल म्हटलं तर हा दोन दिवस घोडागाडीतून धक्के खात यायचा.

म्हटलं, "अरे, पत्र लिही ना. चार ओळी."

"गावासमोर सांगितलं," तो म्हणाला, "तर टाळ्या पडल्या. पत्रात लिहिलं, तर त्याला वाटेल तू हात धरून लिहवलंस. तोंडावर सांगितल्याशिवाय हे व्हायचं नाही. आणि त्यानं दार लावून घेतलं, तर तोही त्याचा हक्क आहे."

मी त्याची पेटी भरली. लोकरीचे मोजे आहेत, आल्याची बिस्किटं आहेत, बोटीत तेवढंच पोटात राहतं म्हणतात. एक कोरडा पाव वेगळा बांधला. गुडघ्याला लावायचं तेल आहे, ते त्याला स्वतःहून आठवणार नाही, तू आठवण कर. बोट उद्या ब्लफहून सुटते, थेट होबार्टला.

हे पत्र मी टपालात टाकायला निघाले होते. त्यानं ते माझ्या हातून घेतलं आणि आतल्या खिशात ठेवलं. म्हणाला, पोस्ट कशाला, मी चाललोच आहे. या चार ओळी जोडायला मी ते परत मागून घेतलं.

म्हणजे हे तुला पोस्टमननं दिलेलं नाही, लाकलन. ज्यानं दिलं तो अजून तुझ्या दारातच उभा असणार, टोपी हातात धरून; तू वर बघेपर्यंत तो बोलणार नाही. वाचत काय बसलास? आधी त्याला आत घे.

एफी